जंतू एक, परिणाम भिन्न : उंदरांवरील संशोधनातून पशुपालनासाठी बोध

एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर वाढलेल्या जनावरांपैकी एखादे आजारी पडते आणि शेजारचे निरोगी राहते, हा पशुपालकांचा नेहमीचा अनुभव आहे. यामागील आनुवंशिक कारणांचा उलगडा होण्यास उंदरांवरील संशोधनाची मोठी मदत झाली आहे.

एका जनुकाचा प्रभाव
साल्मोनेला टायफीम्युरियम या जिवाणूच्या अल्प मात्रेनेही ‘बाल्ब/सी’ वंशाचे उंदीर दगावतात. ‘१२९’ वंशाचे उंदीर मात्र तग धरतात. या फरकास कारणीभूत असलेले ‘एनरॅम्प-१’ हे जनुक १९९३ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधले. शरीरातील भक्षक पेशी जिवाणूला गिळून एका सूक्ष्म पिशवीत कोंडतात. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन त्या पिशवीतील लोह व मँगनीज बाहेर काढते. परिणामी जिवाणूची वाढ खुंटते. संवेदनशील उंदरांत या प्रथिनातील १६९ व्या स्थानी ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल असते. एवढ्या एका बदलाने ते प्रथिन निकामी होते.

शत्रूची ओळख
‘सी३एच/एचईजे’ वंशाच्या उंदरांत दोष निराळा असतो. साल्मोनेलासारख्या जिवाणूंच्या बाह्य आवरणातील विषारी घटक ओळखणारा ‘टीएलआर-४’ हा ग्राहक त्यांच्यात काम करीत नाही, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. शत्रूची ओळखच न पटल्याने प्रतिकार उशिरा सुरू होतो व संसर्ग बळावतो. पुढील टप्प्यात टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा स्रवून भक्षक पेशींना अधिक सक्षम करतात. लसीकरणामुळे या टप्प्याची पूर्वतयारी होते.

पशुपालकांनी काय लक्षात घ्यावे?
गायींतील ब्रुसेलोसिसच्या संदर्भातही ‘एनरॅम्प-१’चा अभ्यास झाला आहे, तथापि निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत. म्हणून केवळ जनुकीय प्रतिकारावर विसंबू नये.

• प्रतिकारक्षम उंदरांच्या शरीरातही साल्मोनेला दीर्घकाळ टिकून राहू शकतो. त्याचप्रमाणे निरोगी दिसणारे जनावर रोगवाहक असू शकते.
• नवीन जनावर विलग ठेवून, तपासणीनंतरच कळपात सोडावे.
• चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना पशुवैद्यकाकडून ब्रुसेलोसिसची लस टोचून घ्यावी.
• गर्भपात झालेल्या जनावराचा गर्भ व वार उघड्या हातांनी हाताळू नये. हा रोग माणसालाही होतो.

आनुवंशिक प्रतिकार ही जनावराला जन्मतः लाभलेली शिदोरी आहे. लसीकरण व स्वच्छता यांची जोड देणे मात्र पशुपालकाच्या हाती आहे.