रोजनिशीतील ‘मी’ आणि आत्मचरित्रातील ‘मी’

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे (१८७३–१९४४) तरुणपणी रोजनिशी लिहीत असत. उत्तरायुष्यात त्यांनी ‘माझ्या आठवणी व अनुभव’ हे आत्मचरित्र लिहिले. रोजनिशीचे संपादन सोलापूरचे गो. मा. पवार यांनी केल्यामुळे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचता येतात.

असे वाचताना प्रथम क्रियापदांकडे लक्ष द्यावे. रोजनिशीकार ‘आज गेलो’ असे नोंदवतो. आत्मचरित्रकार ‘मी जात असे’ असे लिहितो. हा रीतिभूतकाळ (वरील पहिले वाक्यही त्यातच आहे) निरुपद्रवी भासतो; परंतु निरनिराळे शंभर दिवस तो एका सवयीत मिटवून टाकतो. शिवाय १९०१ मध्ये ऑक्सफर्डला निघालेल्या शिंद्यांना १९०६ मध्ये आपण डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन करू, हे ठाऊक नव्हते. आत्मचरित्र लिहिणाऱ्या शिंद्यांना ते ठाऊक होते. त्यामुळे तरुण शिंद्यांच्या मनातील अनिश्चितता शोधायची असेल, तर रोजनिशीची साक्ष अधिक ग्राह्य मानावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कृती : स्वतःच्या जुन्या वहीत नोंदवलेला एखादा प्रसंग आधी स्मरणाने लिहा. नंतर ती नोंद वाचा आणि बदललेली क्रियापदे अधोरेखित करा.