दाताचं काय, इंडियात गेल्यावर बघू!

'डिसेंबरात जाणारच आहोत, तेव्हा दाखवू.' हे वाक्य तुमच्या घरात कधीच उच्चारलं गेलं नसेल, तर तुम्हाला दंडवत. आमच्या घरात ते दरवर्षी व्हायचं. मिशिगनला येऊन चार वर्षं झाली होती. एका जूनमध्ये गार पाणी पिताना खालच्या डाव्या दाढेतून कळ गेली. दोन सेकंद, बस. दाताचा विमा त्या वर्षी घेतलेला नव्हता, तिकिटं डिसेंबरची होती. ऑगस्टमध्ये एका रात्री दाढ इतकी ठणकली की मी पहाटेपर्यंत स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होतो. लवंग धरली, बॅगेत इंडियातून आणलेली अँटिबायोटिकची पट्टी होती ती सुरू केली, आणि आठवड्याभरात दुखणं थांबलं. मी खूश! डिसेंबरात गावच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि दाढेच्या मुळाशी काळा डाग दाखवला. ‘जूनमध्ये आला असतात तर अर्ध्या तासात सिमेंट भरून मोकळं केलं असतं. आता रूट कॅनल आणि वर कॅप.’

जून ते डिसेंबर या सहा महिन्यांत माझ्या तोंडात नेमकं काय घडलं, ते आज बघू. कारण ते कळलं असतं तर मी थांबलो नसतो.

दाताचं सगळ्यात बाहेरचं आवरण म्हणजे एनॅमल, मराठीत दंतवल्क. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. पण त्यात एकही जिवंत पेशी नाही. हाड मोडलं तर सांधतं, कातडी खरचटली तर भरून येते. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीबाहेर येतो तेव्हाच संपलेल्या असतात. एकदा खड्डा पडला की तो शरीर बुजवू शकत नाही. एनॅमलच्या आत दंतिन असतं. ते जास्त मऊ, आणि त्यात हजारो सूक्ष्म नळ्या असतात. त्याच्या आत दंतमज्जा, तिथे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू.

आता हे लक्षात घ्या की एनॅमलला मज्जातंतू नाहीत. कीड तिथे असते तोवर काहीच दुखत नाही. गार पाण्याने कळ आली, याचा अर्थ बहुतेक वेळा कुठेतरी दंतिन उघडं पडलं आहे आणि त्या नळ्यांमधला द्रव हलून आतल्या तंतूंना हिसका बसतो आहे. कळ एक-दोन सेकंदांत जात असेल तर दंतमज्जा अजून वाचू शकते. गार किंवा गरम लागल्यावर दुखणं मिनिटभर रेंगाळत असेल, किंवा रात्री आपोआप ठणकत असेल, तर आतली मज्जा सुजली आहे. भोवती कठीण भिंती, सूज जायला जागाच नाही, म्हणून तो असह्य ठणका. पुढे एक दिवस दुखणं थांबतं. दाढ बरी झाली म्हणून नव्हे, तर आतला मज्जातंतू मेला म्हणून. जंतू तिथेच असतात आणि मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरू लागतात. मेलेल्या मज्जेपर्यंत रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे गोळीतलं औषधही तिथे पोचत नाही. ऑगस्टमधला माझा आनंद हा असा होता. लवंगेतल्या युजेनॉलने ठणका कमी होतो हे खरं, दातांचे डॉक्टरही ते वापरतात, पण ते बधिर करतं, बरं करत नाही.

तोंडात आम्ल कुठून येतं?

आपण 'दात किडला' म्हणतो. या शब्दात एक जुनी समजूत अजून जिवंत आहे. दाताच्या आत किडा असतो आणि तो दात पोखरतो, असं बॅबिलोनच्या काळापासून लोक मानत होते. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन कीड 'पाडणारे' वैदू आजी-आजोबांनी पाहिलेले असतील. युरोपात हेच काम खुरासानी ओव्याच्या बियांनी होई, आणि वाटीत पडणाऱ्या त्या 'अळ्या' म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांमधले कोंब असत! फ्रान्सच्या प्येर फोशारने १७२८ मध्ये आपल्या ग्रंथात किड्याची कल्पना नाकारली. पण खरं कारण सांगितलं ते विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने, बर्लिनमध्ये काम करताना, १८९० मध्ये: तोंडातले जंतू साखर आणि पिष्टमय पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचं खनिज विरघळवतं. दह्यात जे घडतं तेच, फक्त दाताच्या पृष्ठभागावर.

दातावर सकाळी जिभेला जाणवणारा तो बुळबुळीत थर म्हणजे जंतूंची वस्ती. तिथला सामू, म्हणजे पीएच, एरवी सातच्या आसपास असतो. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर या थराचा सामू मोजला. काही मिनिटांतच तो घसरला आणि पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास लागला. वर आणायचं काम लाळेचं. लाळ आम्ल निष्प्रभ करते आणि तिच्यातलं कॅल्शियम, फॉस्फेट दाताला परतही देते. म्हणजे दात दिवसभर झिजतो आणि दिवसभर दुरुस्त होतो. खड्डा पडण्याआधीचा खडूसारखा पांढरा डाग या दुरुस्तीने थांबू शकतो.

इथे आपल्या ऑफिसच्या सवयी आठवा. गोड चहाचा थर्मास टेबलावर, दर दहा मिनिटांनी एक घोट. साखर दोनच चमचे असेल, पण सामू वर यायच्या आत पुढचा घोट जातो आणि दात दोन-तीन तास आम्लातच राहतात. तोच चहा दहा मिनिटांत संपवला तर नुकसान फार कमी. दिवाळीत जेवणानंतर चार करंज्या खाल्ल्या तर दातांना जेवढा त्रास, त्याहून जास्त एकच करंजी दिवसभर तुकडे मोडून खाल्ल्याने होतो. किती खाल्लं यापेक्षा कितीदा आणि किती चिकट खाल्लं हे महत्त्वाचं, हे स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४० च्या दशकात दिसून आलं. पण तिथल्या रुग्णांना, जे बौद्धिकदृष्ट्या अपंग होते आणि संमती देऊ शकत नव्हते, मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून ते सिद्ध केलं गेलं. अनेकांचे दात कायमचे गेले. हे ज्ञान आपण वापरतो, तर ते कोणाच्या दातांवर मिळालं हेही माहीत असावं.

झोपेत लाळ जवळजवळ थांबते. म्हणून रात्रीचा ब्रश सकाळच्या ब्रशपेक्षा महत्त्वाचा, आणि म्हणूनच बाळाला दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवणं सगळ्यात वाईट. आपली लहान मुलं बघा, वरचे पुढचे चार दात तपकिरी झालेली. 'दुधाचेच आहेत, पडणार आहेत' हे मी किती आयांकडून, आणि आज्यांकडून तर हमखास, ऐकलं आहे. पण दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. त्या लवकर गेल्या तर शेजारचे दात सरकतात आणि कायमच्या दातांची जागा जाते. इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं सर्वांत मोठं कारण किडलेले दात काढणं हे आहे, तेही पूर्ण भूल देऊन.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक पालकांना माहीत नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते, ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली कळतच नाही, आणि तिलाही दुधाचीच समजलं जातं. हीच दाढ आयुष्यभर चावायची असते आणि हीच सर्वांत आधी किडते. तुमचं मूल सहा-सात वर्षांचं असेल तर आज रात्री टॉर्च घेऊन बघा. दिसली तर तिच्या खाचा भरून घेण्याबद्दल (याला सीलंट म्हणतात) डॉक्टरांना विचारा. दुखत नाही, टोचावं लागत नाही.

नळाचं पाणी आणि यवतमाळचं पाणी

मी राहतो तिथून ग्रँड रॅपिड्स तासाभराच्या अंतरावर आहे. २५ जानेवारी १९४५ रोजी पिण्याच्या पाण्यात दात वाचवण्यासाठी फ्लोराइड मिसळणारं ते जगातलं पहिलं शहर ठरलं. पण गोष्ट सुरू झाली १९०१ मध्ये, कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये. फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याला तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले आणि पुढे हेही लक्षात आलं की हे डागाळलेले दात फारसे किडत नाहीत. कारण पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड, हे कळायला १९३१ उजाडलं. फ्लोराइड स्फटिकात शिरलं की दात आम्लाला जास्त दाद देत नाही. मग प्रश्न मात्रेचा उरला. अमेरिकेत आता शिफारस लिटरला ०.७ मिलिग्रॅमची आहे. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या काही विहिरी-बोअरवेलच्या पाण्यात ते निसर्गतःच याच्या कितीतरी पट असतं. तिथे मुलांचे दात डागाळतात आणि मोठ्यांची हाडंही ताठरतात. तिथे फ्लोराइड काढावं लागतं. त्यासाठीची तुरटी-चुन्याची 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्या नीरी संस्थेने बसवली. एकच पदार्थ, एका ठिकाणी घालायचा, दुसऱ्या ठिकाणी काढायचा.

त्यामुळे 'फ्लोराइड विष आहे' हा व्हॉट्सॲपवरचा निरोप आणि 'काही होत नाही' हे उत्तर, दोन्ही अर्धवट. युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी २०२५ मध्ये पाण्यात फ्लोराइड घालणं बंद केलं आहे. तिथे राहत असाल, किंवा घरी आरओ फिल्टर असेल (तो बरंचसं फ्लोराइड काढून टाकतो), तर फ्लोराइडची टूथपेस्ट अधिकच महत्त्वाची. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नको. आणि ब्रश केल्यावर फेस थुंका, पण खळखळून चूळ भरू नका. मला हे पचायला वेळ लागला, आपल्याकडे तीन चुळा भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही!

इथले डॉक्टर दाताला शरीरात का धरत नाहीत, हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. १८४० मध्ये बाल्टिमोरला जगातलं पहिलं दंतमहाविद्यालय निघालं ते वैद्यकीय महाविद्यालयापासून वेगळं. वाटा तेव्हाच फुटल्या. १९६५ च्या मेडिकेअरमध्येही दातांचे नेहमीचे उपचार वगळले गेले. या फटीतून काय निसटतं ते २००७ मध्ये मेरीलँडमध्ये दिसलं. बारा वर्षांच्या एका मुलाच्या किडक्या दाताचा संसर्ग मेंदूत गेला आणि तो मुलगा गेला. दात काढायला ८० डॉलर लागले असते, असं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी लिहिलं. म्हणून चेहरा सुजला, ताप आला, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास झाला, तर डिसेंबरची नव्हे, सकाळचीही वाट बघू नका, इमर्जन्सीत जा.

खर्चाची भीती खोटी नाही. पण दंतमहाविद्यालयांच्या दवाखान्यांत विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली बरंच स्वस्तात काम करतात. आमच्या राज्यात ॲन आर्बर आणि डेट्रॉइटला आहेत. वेळ जास्त लागतो, इतकंच. ब्रिटनमधल्या मंडळींना १८ वर्षांखालच्या मुलांसाठी, आणि गरोदरपणात व बाळंतपणानंतर वर्षभर, एनएचएसकडून दातांचे उपचार मोफत आहेत. आणि हो, 'बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं' हे खरं नाही. दातातलं खनिज रक्तात परत जात नाही. गरोदरपणात हिरड्या सुजतात त्या संप्रेरकांमुळे, आणि तेव्हा दात दाखवायला बंदी नाही.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील, तर निघण्याआधी तिकडेच दात दाखवून यायला सांगा. प्रवासी विम्यात दात सहसा नसतात. बाबांना मधुमेह असेल तर हिरड्यांकडे विशेष लक्ष द्या. साखर वाढलेली असेल तर हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या साखर वाढवतात. हिरड्यांवर नीट उपचार केले तर दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) साधारण ०.४ अंकांनी उतरते, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. आजी मिश्री लावत असतील तर ती भाजलेली तंबाखूच आहे, हे त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा. तोंडात आठवड्या-दोन आठवड्यांत न भरणारा पांढरा-लाल चट्टा असेल तर तो दाखवायलाच हवा.

आमच्या शनिवारच्या मराठी शाळेत फेब्रुवारीत आम्ही एक तास दातांना दिला. दातावरचा थर गुलाबी करणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या मुलांना चघळायला दिल्या आणि हातात आरसे दिले. एका सातवर्षीय मुलीने बराच वेळ आरशात बघून विचारलं, 'काका, पण कीड कुठेय?' तिला अळी दिसायला हवी होती. मग सगळ्यांनी ब्रश केला, पुन्हा बघितलं, आणि बहुतेकांच्या मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला गुलाबी रंग तसाच राहिलेला निघाला. पालकांनीही गोळ्या मागितल्या. मीही एक चघळली. खाली डावीकडे, त्याच कॅपच्या कडेला, हिरडीलगत ठळक गुलाबी रेघ होती.