होडी घेतलीस, आता जरा माझं ऐक

अगं, अक्षयतृतीयेला होडी ताब्यात घेतलीस, फार बरं वाटलं. भाटघरच्या फुगवट्यावरची जुनी लाकडी होडी पानशेतला न्यायची, निळा रंग द्यायचा, महिन्याभरात जाळं टाकायचं, असा तुझा बेत. बेत छान आहे, पण त्यात दुरुस्ती राहिली. आपल्या माहेरी पाण्याशी संबंध विहिरीपुरता. मला जे कळतं ते सासरी येऊन, सासऱ्यांच्या होडीवर हात काळे करून कळलेलं आहे. म्हणून सांगते.

तुला कुणीतरी सांगितलंय ना, की होड्यांची डागडुजी पावसाळ्यात करतात? ते कोकणातलं. तिथे १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, होड्या काठावर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेपर्यंत हातात वेळ असतो. आपल्याकडे पावसात होडी उघडून बसलीस तर फळ्या सुकायच्याच नाहीत. भाटघरचं पाणी वीर धरणातून नीरेच्या कालव्यांना जातं, बारामती-फलटणच्या शिवारांना. मेपर्यंत फुगवट्यात गाळ उघडा पडतो आणि कांबऱ्याचं पाण्यात गेलेलं महादेवाचं देऊळ पुन्हा दिसायला लागतं. पानशेतचं पाणीही पुण्याची तहान भागवता भागवता खाली गेलेलं असतं. आपले कामाचे दिवस हे आहेत, आणि ते थोडे आहेत.

त्यामुळे होडी आधी हलव. भोर, नसरापूर, वेल्हं, मग पाबे घाट उतरून पानशेत. (तालुक्याचं नाव राजगड झालं तरी माझ्या तोंडी वेल्हंच येतं, काय करू.) दुरुस्ती तिकडे पोचल्यावरच कर. भाटघरलाच दुरुस्त करून टेम्पोत चढवलीस तर घाटातल्या हादऱ्यांनी सगळे सांधे पुन्हा सैल होतील. आणि काठावर ठेवशील ती धरण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या खुणेच्या वर ठेव. एकदा जुलैत पाऊस धरला की पाणी तुला विचारून चढत नाही.

आता होडीकडे बघ. समुद्रात लाकडाला किडा लागतो, लाकूड आतून पोखरतो. तो खाऱ्या पाण्यातला, आपल्याकडे त्याची भीती नाही. पण गोड्या पाण्यात लाकूड कुजतं जास्त. त्यातही धरणाच्या पाण्यापेक्षा होडीत साचलेलं पावसाचं पाणी वाईट. कुजलंय कुठे ते रंगाखाली दिसत नाही, म्हणून जुना रंग पुरता खरवड आणि कलिंगड घेताना वाजवून बघतेस तशी एकेक फळी वाजवून बघ. टणक वाजली तर ठीक. भद्द वाजली तर तिथे टोचा खुपस. सहज आत गेला तर ती फळी गेली, मग तिच्यावर दया दाखवू नकोस. नाळेचा खालचा भाग, बसायच्या फळीची टोकं जिथे टेकतात ती जागा आणि खिळ्यांभोवतीची काळी वर्तुळं, या तीन ठिकाणी आधी बघ. काळं वर्तुळ म्हणजे लोखंडी खिळा गंजलाय आणि त्याने भोवतीचं लाकूडही खाल्लंय. नवे खिळे तांब्याचे घे, परवडत नसतील तर निदान जस्त चढवलेले.

फटी भरायचं काम हौसेने स्वतः कर, पण पहिला हात जाणत्याकडून मारून घे. जुना कापूस आकड्याने उकरून काढायचा, फट कोरडी होऊ द्यायची, मग कापसाची सैल वात वळून बोथट पटाशीने ठोकत न्यायची. वरून राळ आणि तेलाचा लेप. सगळे नवखे इथे एकच करतात, कापूस जीव खाऊन ठासतात. मेमध्ये फळ्या सुकून आक्रसलेल्या असतात. पाण्यात गेल्या की फुगतात, आणि फुगायला जागा नसेल तर फळीच खिळ्यांवरून उचलली जाते. सोडायच्या आधी दोन-चार दिवस आत ओली पोती अंथरून ठेव. तरी पहिल्या दिवशी पाणी आत येईलच. घाबरू नकोस, डबा घेऊन उपसत राहा. लाकूड फुगलं की बरीचशी गळती आपोआप थांबते.

कुणीतरी म्हणेल, कशाला एवढी यातायात, वरून फायबर मारून टाक. ओल्या जुन्या लाकडावर फायबर मारणं म्हणजे ओल आत कोंडणं. बाहेरून चकचकीत, आतून भुसा. त्यापेक्षा सरळ नवी फायबरची होडी घेतलेली परवडते.

गावच्या सुताराचा हात चांगला असेल, पण दारं-खिडक्या करणाऱ्याला होडीचा बाक जमेलच असं नाही. हर्णै-श्रीवर्धनकडचा होडीचा सुतार मिळाला तर पावसाआधीच बोलावून घे, नंतर वरंधा घाटाचा भरवसा नसतो. लाकूड पुण्याला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आण. बांधावरचं जांभळाचं झाड डोळ्यांसमोर आलं असेल तुझ्या, ओळखते मी तुला. ते स्वतःचं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही.

आणि होडी तुझी झाली म्हणून पाणी तुझं होत नाही. जलाशयातली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांना. भाटघरला ज्यांच्याकडून होडी घेतलीस त्यांची ओळख पानशेतला चालणार नाही. तिथल्या संस्थेत जा, सभासदत्वाचं विचार, जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकांच्या मापाचा, नियम विचार. इंजिन बसवायचं किंवा पर्यटक फिरवायचे मनात असेल तर मेरीटाइम बोर्डाची नोंदणी आणि तपासणी आली. ते यंदा नकोच.

शेवटचं, आणि यात मी हट्ट धरणार आहे. २१ मे २०२४ला उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा माणसं गेली. वळवाचा वारा आपल्या धरणांवरही दुपारनंतर असाच अचानक सुटतो. तुला पोहता येतं, भावजींना येत नाही. जाकिटांचे पैसे लाकूड-खिळ्यांच्याही आधी बाजूला काढ. कमी पडले तर मला सांग, संकोच करू नकोस.