हरिश्चंद्रगड आणि आपला बालाघाट

परिसर अभ्यासाच्या तासास "आपल्या जिल्ह्यात पर्वत नाही" असे उत्तर पुष्कळदा ऐकावयास मिळते. वस्तुतः तुळजापूरचा घाट ज्या डोंगरातून उतरतो, त्याच्या रांगेचा प्रारंभ सह्याद्रीत हरिश्चंद्रगडापाशी होतो. पर्वताचा पाठ देताना शिक्षकांनी याच नात्यापासून आरंभ करावा.

हरिश्चंद्रगड अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. त्याचे तारामती हे शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे १,४२५ मीटर उंच आहे. पश्चिमेस कोकणकडा एकदम तुटलेला आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या या भिंतीस अडून वर चढतात, थंड होतात व विपुल पाऊस देतात. पूर्वेकडे येईपर्यंत त्यांतील बाष्प उणावते. म्हणूनच आपला जिल्हा पर्जन्यछायेत आहे.

या गडावरील पाण्यास तीन वाटा आहेत. पश्चिमेचे पाणी कोकणातून अरबी समुद्रास जाते, उत्तरेचे मुळा व प्रवरा यांच्याद्वारे गोदावरीस मिळते, तर दक्षिणेचे कुकडी व घोड या नद्यांतून भीमेत जाते. गडापासून रांग आग्नेयेस निघते आणि बीडवरून आपल्याकडे येते. वाटेत शिखरे लोपतात व सुमारे ६०० मीटर उंचीचे सपाट माथ्याचे पठार उरते. खडक मात्र तोच, लाव्हारसापासून बनलेला काळा बेसाल्ट. रांग ठेंगणी झाली, तरी गोदावरी व भीमा यांची खोरी विभागण्याचे तिचे कार्य चालूच राहते. तेरणा नदी मांजरेस मिळून गोदावरीकडे जाते. नळदुर्गची बोरी व परांड्याच्या सीमेवरील सीना भीमेस मिळतात.

हे पाठ करवून घेण्यापेक्षा प्रत्यक्ष दाखवावे. अंगणात ओल्या मातीची लांबट रांग करावी. एक टोक उंच व दुसरे ठेंगणे ठेवावे. माथ्यावर तांब्याने हळूहळू पाणी ओतावे. पाणी कोठे फुटते ते मुलांनीच सांगावे. नंतर गावाजवळच्या टेकडीवर नेऊन तोच प्रश्न विचारावा.

या ज्ञानाची गरज आपल्या भागास विशेष आहे. मांजरा धरण आटल्यामुळे २०१६ साली लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पाणलोट ओळखणारे मूल उतारावरचा बांध कोठे हवा, हेही ओळखू लागते.

वर्गात विचारावयाचे प्रश्न :
१. आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी कोणत्या नदीस मिळते?
२. ती नदी पुढे गोदावरीच्या खोऱ्यात जाते की भीमेच्या?
३. शाळेच्या छपरावरचे पाणी कोणत्या बाजूस वाहते, व का?
४. उतारावरचे पाणी अडविल्यास कोणत्या विहिरींस लाभ होईल?