ताऱ्यांचा संघ आणि प्रशिक्षकाचे ओझे

जिज्ञासू : जगातील उत्तमोत्तम खेळाडू एकाच संघात असताना प्रशिक्षकाचे काम सोपे व्हायला हवे, तरीही रेआल माद्रिद या स्पॅनिश फुटबॉल क्लबचे प्रशिक्षकपद इतके अवघड का मानले जाते?

अभ्यासक : याचे कारण क्लबमधील सत्तेच्या रचनेत आहे. हा क्लब कोणा उद्योगपतीच्या मालकीचा नसून सभासदांचा आहे आणि त्याचा अध्यक्ष हे सभासद मतदानाने निवडतात. 2000 मध्ये फ्लोरेंतिनो पेरेस निवडून आले, ते बार्सिलोनाच्या लुईस फिगोला माद्रिदला आणण्याचे आश्वासन देऊन. पुढे 2001 मध्ये झिनेदिन झिदान, 2002 मध्ये ब्राझीलचा रोनाल्डो आणि 2003 मध्ये डेव्हिड बेकहॅम असा दरवर्षी एक तारा येत गेला. खेळाडू आणण्यात अध्यक्षांचा शब्द अंतिम, परंतु त्यांचा संघ बांधून सामने जिंकण्याची जबाबदारी प्रशिक्षकाची, अशी ही विभागणी असल्याने दुसऱ्याच्या निर्णयाचे उत्तर त्याला द्यावे लागते.

जिज्ञासू : पण चांगले खेळाडू मिळाले, तर त्यात अडचण कोणती?

अभ्यासक : अडचण गुणवत्तेची नसते, समतोलाची असते. बेकहॅम मँचेस्टर युनायटेडकडून उजव्या बगलेवर खेळत असे. माद्रिदमध्ये ती जागा फिगोची असल्यामुळे त्याला बहुधा मैदानाच्या मध्यभागी खेळवावे लागले. त्याच उन्हाळ्यात क्लॉद मकेलेले चेल्सीकडे गेला. तो बचावात्मक मध्यरक्षक होता, म्हणजे बचावफळीच्या पुढे राहून प्रतिस्पर्ध्याची चढाई मोडणारा आणि हिसकावलेला चेंडू सहकाऱ्यांच्या हवाली करणारा खेळाडू. या कामाला प्रसिद्धी मिळत नाही, पण त्याच्याच भरवशावर झिदान आणि फिगो निर्धास्तपणे पुढे जाऊ शकत होते. नवे प्रशिक्षक कार्लोस केरोश यांच्या संघाने 2003-04 च्या लीगमधील अखेरचे पाचही सामने गमावले आणि तो चौथ्या स्थानावर राहिला.

जिज्ञासू : मग समतोलासाठी एखाद्या ताऱ्याला राखीव खेळाडूंत का बसवू नये?

अभ्यासक : तसा अधिकार प्रशिक्षकाला असतो, मात्र तो वापरताच प्रश्न केवळ खेळाचा राहत नाही. ज्याच्यासाठी क्लबने प्रचंड रक्कम मोजली, तो बाहेर का, हे अध्यक्ष विचारतात, ‘मार्का’ आणि ‘आस’ ही माद्रिदची क्रीडा दैनिके विचारतात, आणि संघ हरला तर प्रेक्षागारही शिट्ट्या वाजवून तेच विचारते. म्हणून खेळाडूचा मान राखत त्याला संघासाठी धावायला लावणे, हीच खरी कसोटी ठरते.

जिज्ञासू : ती कोणाला साधली?

अभ्यासक : व्हिसेंते देल बोस्के यांना. याच क्लबचे माजी खेळाडू आणि त्याच्या युवा संघांचे शिक्षक असलेल्या या शांत गृहस्थाने साडेतीन वर्षांत दोन लीग आणि दोन चॅम्पियन्स लीग विजेतेपदे मिळवून दिली. तरीही जून 2003 मध्ये लीग जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा करार पुढे न वाढवण्याचा निर्णय झाला. त्यानंतर फेब्रुवारी 2006 मध्ये पेरेस यांनी राजीनामा देईपर्यंत पाच प्रशिक्षक झाले, आणि त्या तीन हंगामांत लीग, स्पॅनिश कप किंवा चॅम्पियन्स लीग यांपैकी एकही स्पर्धा संघाला जिंकता आली नाही. देल बोस्के यांनी मात्र 2010 मध्ये स्पेनला विश्वचषक मिळवून दिला.

जिज्ञासू : म्हणजे अपयशाचा दोष प्रशिक्षकावर कधीच येत नाही?

अभ्यासक : येतो, परंतु त्याच्या हाती असलेल्या अधिकाराच्या प्रमाणातच तो यावा. मकेलेलेची जागा रिकामी ठेवण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांची जबाबदारी प्रशिक्षक बदलल्याने संपत नाही, आणि पाच वेळा बदलूनही ती संपली नाही.