घटक ५ : क्वेबेक – नदी, लोक आणि भाषा

५.१ प्रास्ताविक

भाषा आणि प्रदेश यांचा संबंध कसा घडतो, हे समजून घेण्यासाठी या घटकात आपण एकच उदाहरण सविस्तर पाहणार आहोत. ते म्हणजे कॅनडातील क्वेबेक हा प्रांत. (फ्रेंच उच्चार ‘केबेक’ असा आहे, मराठीत रूढ असलेले रूप आपण येथे वापरू.) वाचताना एक प्रश्न सतत मनात ठेवा. कॅनडा आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांची मिळून लोकसंख्या ३५ कोटींहून अधिक असून तीत इंग्रजीचे प्राबल्य आहे. अशा भूभागात सुमारे ९० लाख लोकवस्तीच्या या प्रांतात फ्रेंच कशी टिकली? ‘त्यांनी कडक कायदा केला’ हे उत्तर आपणांस वारंवार ऐकावयास मिळेल. ते चुकीचे नसले तरी अपुरे आहे.

५.२ भूमी

क्वेबेकचे क्षेत्रफळ सुमारे १५.४ लाख चौ. कि.मी., म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट आहे. परंतु या आकड्याने फसू नये. प्रांताचा बहुतांश भाग ‘कॅनेडियन शील्ड’ या अतिप्राचीन कठीण खडकाने व्यापलेला आहे. तेथे मातीचा थर पातळ असून असंख्य सरोवरे आणि सूचिपर्णी अरण्ये आहेत. त्याहून उत्तरेस वृक्षहीन टुंड्रा लागतो. शेतीयोग्य भूमी मुख्यतः दक्षिणेकडे, सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात आहे आणि बहुसंख्य लोकही तेथेच राहतात. माँट्रियल व त्याची उपनगरे यांतच प्रांताची जवळजवळ निम्मी लोकसंख्या सामावली आहे.

प्रांताचे नावही याच नदीने दिले. अल्गोंक्वियन भाषाकुलातील मूळ शब्दाचा अर्थ ‘नदी अरुंद होते ती जागा’ असा आहे. जेथे पात्र जेमतेम एक किलोमीटर रुंदीचे होते, तेथेच १६०८ मध्ये साम्युएल द शांप्लँ याने क्वेबेक नगर वसवले. फ्रेंच अमदानीत शेतजमिनीची वाटणी नदीकाठापासून आत जाणाऱ्या लांब, चिंचोळ्या पट्ट्यांत झाली. प्रत्येकास नदी हवी, कारण तोच रस्ता! परिणामी घरे काठाने एका ओळीत, शेजाऱ्याच्या हाकेच्या अंतरावर उभी राहिली. भाषेच्या दृष्टीने ही रचना महत्त्वाची ठरली.

५.३ लोक आणि त्यांची बोली

१७५९ मध्ये इंग्रजांनी क्वेबेक नगर जिंकले आणि १७६३ च्या पॅरिस तहाने ही वसाहत ब्रिटिशांकडे गेली. तथापि १७७४ च्या क्वेबेक कायद्याने कॅथलिक धर्माचरणास आणि फ्रेंच दिवाणी कायद्यास मान्यता दिली. व्यापार इंग्रजीत गेला. चर्च, शेत आणि घर फ्रेंच राहिले. पुढे सुमारे दोन शतके भाषेचे रक्षण गाव, धर्मगुरू आणि मोठी कुटुंबे यांनी केले. जन्मदर इतका चढा होता की त्याला ‘पाळण्यांचा सूड’ असे म्हटले गेले.

फ्रान्सशी संपर्क तुटल्यामुळे जुनी उच्चारवैशिष्ट्ये येथे टिकली आणि काही नवीही घडली. उदाहरणार्थ, ‘तू’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दातील आरंभीचा ‘त’ येथे ‘त्स’ असा होतो. मराठी भाषकास तो अवघड नाही. ‘चूक’ या शब्दातील आपला ‘च’ तोच आहे. ‘द’ चा ‘जागा’मधील ‘ज’सारखा उच्चारही याच नियमाने होतो, आणि दोन्ही बदल विशिष्ट स्वरांपूर्वीच घडतात. शिव्या मात्र चर्चमधून आल्या : पवित्र पात्रे आणि वेदीवरील वस्तू यांची नावेच तेथे अपशब्द झाली आहेत. ज्या संस्थेची सत्ता सर्वाधिक, तिचाच शब्दसंग्रह मोडण्यात गंमत असते.

माँट्रियलच्या कामगार वस्त्यांतील बोलीस ‘जुआल’ म्हणत आणि ती हीन समजली जाई. १९६८ मध्ये मिशेल त्रांब्ले यांचे ‘ले बेल-सर’ हे नाटक याच बोलीत रंगभूमीवर आले, तेव्हा मोठा वाद झाला. प्रमाणभाषा आणि बोली यांविषयी मराठीत चाललेल्या वादांची आठवण आपणांस येथे झाल्यास ती अस्थानी नाही.

५.४ कायदा केव्हा लागतो?

१९६० नंतरच्या कालखंडास ‘शांत क्रांती’ म्हणतात. शिक्षण आणि आरोग्य चर्चकडून शासनाकडे आले. वीजकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. द्विभाषिकतेविषयीच्या शाही आयोगाने दाखवून दिले की फ्रेंच वंशाच्या पुरुषांचे उत्पन्न त्यांच्याच प्रांतात तळाच्या गटांत मोडत होते. दुसरीकडे जन्मदर घसरला, खेडी रिकामी होऊ लागली आणि माँट्रियलमध्ये येणारे बहुसंख्य स्थलांतरित मुलांना इंग्रजी शाळेत घालू लागले. साँ-लेओनार या उपनगरात इटालियन मुलांच्या शाळेवरून १९६९ मध्ये दंगल झाली, ती याच कारणाने.

१९७७ चा फ्रेंच भाषेचा सनदी कायदा या पार्श्वभूमीवर वाचावा. शासन, कामाची जागा आणि दुकानांच्या पाट्या येथे फ्रेंच आली. स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळा बंधनकारक झाली. म्हणजे चर्च, पाळणा आणि गाव हे तिन्ही आधार ढासळल्यावर कायदा आला. प्रस्तुत लेखकाच्या मते भाषाविषयक कायदा हा सामर्थ्याचा पुरावा नसून बहुधा हरवलेल्या आधाराची जागा घेणारा टेकू असतो. टेकूने काम केले हे मात्र नाकारता येत नाही : आज हैती, अल्जीरिया, व्हिएतनाम येथून आलेल्यांची मुले माँट्रियलच्या शाळांतून फ्रेंचमध्ये शिकतात. १९९५ च्या सार्वमतात स्वतंत्र राष्ट्राची मागणी अवघ्या एक टक्क्याच्या आसपास मतांनी फेटाळली गेली. भाषेचा कायदा मात्र राहिला.

या कथेत आणखी एक पक्ष आहे. क्वेबेकमध्ये इनुइटांसह अकरा आदिवासी राष्ट्रांना मान्यता आहे. १९७१ मध्ये जेम्स उपसागराकडे वाहणाऱ्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर झाला, तेव्हा क्री आणि इनुइट लोकांना विचारलेही नव्हते. न्यायालयीन लढ्यानंतर १९७५ मध्ये करार झाला आणि क्री लोकांना स्वतःचे शिक्षणमंडळ मिळाले. मोहॉक समाजाची अडचण वेगळी आहे. त्यांच्यात इंग्रजीचा वापर अधिक असल्याने २०२२ मध्ये फ्रेंचविषयक नियम आणखी कडक झाले तेव्हा त्यांनी विरोध केला. त्यांच्या दृष्टीने फ्रेंच ही धोक्यात असलेली भाषा नसून सत्तेची भाषा आहे.

स्वाध्याय : एकच भाषा एका नकाशावर अल्पसंख्य आणि दुसऱ्या नकाशावर प्रबळ कशी ठरते, हे आपल्या तालुक्यातील किंवा शहरातील एखाद्या भाषेच्या अथवा बोलीच्या उदाहरणाने दोनशे शब्दांत लिहा. ती भाषा घर, बाजार, शाळा आणि कचेरी यांपैकी कोठे वापरली जाते, याची नोंद प्रत्यक्ष ऐकून करावी.