वस्तू स्थिर, हात अस्थिर

काही वर्षांपूर्वी एका सहा वर्षांच्या मुलाच्या कोपराच्या एक्स-रेत मला एक पुसट रेघ संशयास्पद वाटली. व्ह्यू-बॉक्सवर लावलेल्या फिल्मचे छायाचित्र घेऊन मी ते परगावच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्राकडे पाठविले. ‘अस्थिभंग दिसत नाही,’ असे उत्तर आले. मुलाचे दुखणे थांबेना, म्हणून दुसऱ्या दिवशी मूळ फिल्म पाठविली. तीत केसाएवढी रेघ त्यास तत्काळ दिसली. फिल्म हलली नव्हती. माझा हात हलला होता.

छायाचित्रणाचा छंद असूनही मी मूळ नियम विसरलो होतो. स्थिर वस्तूचे चित्र अस्पष्ट येते, तेव्हा कारण बहुधा कॅमेऱ्याचा कंप किंवा चुकलेला फोकस हेच असते. वस्तू हलत नसल्याने शटर सावकाश ठेवण्याची मुभा मिळते. मात्र ती ट्रायपॉड असेल तरच.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरील कोरीवकाम सायंकाळी टिपताना मी अपर्चर एफ/८ आणि आयएसओ १०० ठेवतो; शटरला अर्धा सेकंद लागला तरी चिंता नसते. एफ/८च्या आसपास बहुतेक भिंगे उत्तम रेखीवपणा देतात. एफ/२२ला अधिक खोलीपर्यंत फोकस राहतो, पण विवर्तनामुळे बारकावे मऊ पडतात. बटण दाबतानाही कॅमेरा थरथरतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावावा.

ट्रायपॉड नसल्यास ५० मिमी भिंगासाठी शटर किमान १/५० सेकंद, शक्यतो त्याहून जलद असावे. त्याकरिता आयएसओ ८००पर्यंत नि:शंक वाढवावा. दाणेदार चित्र वाचता येते, हललेले येत नाही.

लाला दीनदयाळ यांनी १८७४च्या सुमारास याच इंदुरात, बांधकाम खात्याची नोकरी सांभाळून, छायाचित्रणास आरंभ केला. तेव्हाच्या मंद काचपट्ट्यांना दीर्घ प्रकाश लागे. तिवईवाचून गत्यंतर नव्हते. आपल्याला सोय मिळाली आणि शिस्त सुटली.

आता एक्स-रेचे छायाचित्र घेताना मी कॅमेरा तिवईवर, फिल्मला समांतर ठेवतो, फ्लॅश बंद करतो आणि पाठविण्यापूर्वी चित्र मोठे करून तपासतो. या साऱ्यास दोन मिनिटे लागतात. त्या मुलाने मात्र एक अख्खी रात्र प्लास्टरवाचून काढली होती.